शिशूचा घरचा आहार आणि भांड्यांची निवड

बालकास सहा महिने पूर्ण झाले की मातेच्या दुधाच्या जोडीला अन्य आहार सुरू करणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रात या प्रसंगाला उष्टावण म्हणतात. उष्टावणासाठी आजोळाहून चांदीची वाटी यावी की नाही याची चर्चा घरोघर होते. त्या दिवसानंतर मात्र वर्ष-दीड वर्ष, रोज दोन-तीन वेळा ज्या पातेल्यात बाळाची पेज शिजते, ज्या गाळणीतून ती गाळली जाते आणि ज्या चमच्याने ती भरवली जाते, त्यांचा विचार क्वचितच केला जातो. नाचणीचे सत्त्व, मुगाच्या डाळीचे खिमट, मऊ भात, कुस्करलेले केळे यांचे महत्त्व आता खेडोपाडी पोहोचले आहे. बाळाला काय द्यावे हे बहुतेक मातांना ठाऊक असते. ते कशात शिजवावे, हा प्रश्न मागे पडला आहे.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. भांडे बदलल्याने एक जीवघेणा बालरोग मागे हटल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे, आणि ते नव्या पिढीतील पालकांना जवळजवळ अज्ञात आहे.

पितळेच्या पातेल्यातील दूध

एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांचे पोट हळूहळू मोठे दिसू लागावे, मूल चिडचिडे व्हावे, बारीक ताप राहावा, यकृत हाताला दगडासारखे लागावे, पुढे कावीळ व जलोदर होऊन काही महिन्यांत त्याचा अंत व्हावा, असा एक आजार भारतात दीर्घकाळ होता. लोक त्याला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. वैद्यकशास्त्रात भारतीय बाल-यकृतसूत्रण रोग या नावाने तो ओळखला जातो. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे त्याचे कारण उलगडले नाही. एकाच घरातील दोन-तीन मुले त्याने दगावल्याची उदाहरणे होती. घरात दूधदुभते असलेल्या, खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या कुटुंबांतही तो आढळे. त्यामुळे केवळ उपासमारीवर त्याचा दोष ठेवता येत नव्हता.

या रोगाने पीडित बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते, हे पुढे तपासण्यांतून दिसून आले. तांबे आले कोठून, हा प्रश्न होता. गाईच्या दुधात तांबे स्वभावतः फारच थोडे, मातेच्या दुधाहूनही कमी असते. म्हणजे ते दुधातून आले असे म्हणावे तर दूध निर्दोष होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या बालकांच्या आहाराचा बारकाईने मागोवा घेतला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या बालकांना लहान वयातच गाईम्हशीचे दूध सुरू झालेले होते आणि ते दूध पितळेच्या भांड्यांत तापवले व ठेवले जात होते. आजारी व निरोगी बालकांच्या आहाराची तुलना करणारे १९८७ सालचे त्यांचे काम याच दिशेने बोट दाखवणारे होते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात निम्म्याहून अधिक भाग तांब्याचा असतो. दुधातील केसिन या प्रथिनाचा तांब्याशी चटकन संयोग होतो. दूध पितळेत तापले, तासन्‌तास त्यातच राहिले आणि पुन्हा तापवले गेले की प्रत्येक वेळी थोडे थोडे तांबे दुधात उतरते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो आणि ते बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी असते. साहजिकच तांबे साठत जाते.

येथे घरगुती ज्ञानाची एक उणीव ध्यानी घेण्याजोगी आहे. पितळेत आंबट पदार्थ ठेवू नये, तो कळकतो, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना माहीत होते. ताक, आमटी, चिंचेचे सार बिनकल्हईच्या भांड्यात कोणी ठेवत नसे, आणि कल्हईवाला दारावरून गेला की पातेली बाहेर निघत. कळकलेल्या पदार्थाचा रंग बदलतो, जीभ त्याला नाकारते. दुधाचे तसे होत नाही. त्याचा रंग पांढराच राहतो व चवही फारशी पालटत नाही. जिभेने इशारा न दिल्यामुळे दूध निर्धोक मानले गेले, आणि ते सर्वांत जास्त प्रमाणात प्यायले ते घरातील सर्वांत लहान माणसाने. गृहिणींच्या निष्काळजीपणाचा हा प्रकार नव्हता, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

पितळेतील दूध प्यायलेल्या प्रत्येक बालकाला हा रोग झाला नाही. काही घराण्यांत मूळचीच एखादी आनुवंशिक दुर्बलता असावी आणि तांब्याने तिला निमित्त पुरवले असावे, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. तथापि ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगरी प्रदेशाचा अनुभव बोलका आहे. तेथे १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने ग्रस्त १३८ बालके नोंदवली गेली. तेथेही बाळांचे दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत शिजत असे. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. पुणे आणि टिरोल यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले तरी चुलीवरचे भांडे एकाच धातूचे होते.

पुण्यात पेनिसिलामाइन या औषधाचाही उपयोग करून पाहण्यात आला. रोग लवकर ओळखला गेल्यास काही बालके त्याने वाचू शकली. परंतु खरा उपाय मातांना दिलेला सल्ला हाच ठरला: बाळाला आईचेच दूध द्या, वरचे दूध द्यावेच लागले तर पितळेत तापवू नका. १९९० नंतर हा रोग झपाट्याने दुर्मीळ झाला. याचे श्रेय डॉक्टरांप्रमाणेच काही अंशी बोहारणीलाही द्यावयास हवे. जुन्या लुगड्यांच्या व पाटलोणींच्या बदल्यात तिने दारोदार पोहोचवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी पितळेची पातेली माळ्यावर गेली, आणि कोणालाही न कळत बाळाचे दूधही पातेले बदलून आले.

अलीकडे पितळ व तांब्याची भांडी पुन्हा आवडीने घेतली जात आहेत. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांच्या कौशल्याला त्यामुळे मागणी येत असेल तर ते स्वागतार्हच होय. घरातील थोरांनी ती खुशाल वापरावीत. पण दोन वर्षांच्या आतील बालकाचे दूध, पेज, खीर वा सूप त्यांत शिजवू नये व ठेवूही नये. बाळाच्या आहारासाठी लागणारे पाणीदेखील रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले नसावे. स्टीलच्या वा मातीच्या भांड्यातले घ्यावे.

कल्हई केलेल्या पितळेचे काय, असे विचारले जाईल. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ लेप. नवसागराने साफ केलेल्या तापल्या भांड्यावर कथिल फिरवून कापसाने ते पसरतात. लेप अखंड असेतो तांबे अन्नात उतरत नाही. मात्र घासणीने व पळीने तो झिजतो. तळाशी पिवळसर डाग दिसू लागला की तेथे कल्हई उरलेली नाही असे समजावे. शिवाय कथिलात शिसे मिसळलेले असल्यास डोळ्यांना ते ओळखता येत नाही, आणि शिसे हे बालकांच्या मेंदूला घातक असे विष आहे. कल्हईवाल्याच्या पिशवीतील कथिलाची पारख करणे कोणत्याही मातेला शक्य नाही. यास्तव बाळापुरता हा प्रश्न टाळणेच बरे.

मग कोणते भांडे घ्यावे?

रोजच्या वापराला स्टेनलेस स्टीलसारखे सोयीचे दुसरे भांडे नाही. लोखंडात क्रोमियम मिसळल्याने त्यावर एक अदृश्य, अतिशय पातळ थर निर्माण होतो. तो गंजू देत नाही, आंबटाला दाद देत नाही आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. बाजारात लोहचुंबक लावून स्टीलची पारख करण्याची पद्धत आहे. तिच्यावर फारसे विसंबू नये. चुंबक धरणारे सर्वच स्टील हलके नसते आणि न धरणारे सर्वच चांगले असते असेही नाही. केंद्र शासनाने २०२४ साली स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना भारतीय मानक चिन्ह अनिवार्य करणारा आदेश काढला. भांडे घेताना ते चिन्ह शोधणे ही चुंबकापेक्षा भरवशाची कसोटी होय.

धातूइतकाच आकारही महत्त्वाचा आहे, किंबहुना स्वच्छतेच्या दृष्टीने अधिकच. ज्या भांड्यात धुणाऱ्याचा हात तळापर्यंत जातो व बोट प्रत्येक कोपऱ्याला लागते, ते भांडे बाळासाठी योग्य. अरुंद गळ्याचे, नक्षीचे, तोटीचे वा खिळ्यांनी मूठ जोडलेले भांडे नको. पातेल्याचा काठ बाहेरून मुडपलेला असेल तर त्या घडीत दुधाची साय व पेजेचे कण अडकून बसतात. तेथे काडी फिरवून पाहिल्यास काय निघते ते पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. चमचा लहान, उथळ व गुळगुळीत काठाचा असावा.

ॲल्युमिनियम स्वस्त व हलके आहे आणि बहुसंख्य घरांतील कुकर त्याचाच असतो. त्यात वरण-भात शिजवून लगेच काढून घेण्यास हरकत नाही. टोमॅटो, ताक, लिंबू यांनी मात्र त्याला खड्डे पडतात, म्हणून आंबट पदार्थ त्यात शिजवू नयेत आणि कोणतेही अन्न साठवू नये. कुकरमध्ये स्टीलचा डबा ठेवून बाळाचे अन्न शिजवले की प्रश्नच मिटतो. भंगार वितळवून ओतलेल्या, छापचिन्ह नसलेल्या स्वस्त भांड्यांपासून दूर राहावे. परदेशांत झालेल्या तपासण्यांत अशा काही भांड्यांतून अन्नात शिसे उतरल्याचे आढळले आहे. लोखंडी कढईतील भाजी बाळाला चालते, परंतु शिजल्यावर ती काढून ठेवावी. प्लॅस्टिकच्या व मेलामाइनच्या वाटीत वाफाळते अन्न ओतू नये.

उष्टावणाच्या चांदीच्या वाटीला कोणताही दोष नाही. ती चांदीचीच असावी एवढेच. जर्मन सिल्व्हर या नावाने मिळणाऱ्या धातूत चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल व जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. देवघरात त्याची शोभा असेल, बाळाच्या ताटात त्याचे काम नाही.

मऊ करण्याची साधने

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अन्न गुळगुळीत पण चमच्यावरून न ओघळण्याइतके दाट लागते. आमच्या स्वयंपाकघरांत त्यासाठी पाटा-वरवंटा, खलबत्ता, पुरणयंत्र आणि आता मिक्सर अशी साधने आहेत. यांतील प्रत्येकाची एक आडोशाची जागा असते आणि घाण तेथेच दडते. मिक्सरच्या पात्याखालची रबरी कडी बहुतेक घरांत महिनोन्‌महिने निघत नाही. सकाळी वाटलेल्या ओल्या चटणीचा अंश तेथे असतो आणि दुपारी त्याच भांड्यात बाळाची खिचडी फिरते. पाते व कडी सुटी करून धुणे शक्य नसेल तर मिक्सरचा नाद सोडावा. वाटीत चमच्याने किंवा स्टीलच्या गाळणीवर पळीने दाबून मऊ केलेली खिचडी त्याहून स्वच्छ असते, आणि बाळाला थोडे रवाळ खाण्याची सवय लागते हा फायदा वेगळाच. पुरणयंत्राची जाळी काढून ब्रशने घासावी. ते पितळी असल्यास पुरणासाठीच ठेवावे. पाट्याच्या टाक्यांत मसाल्याचा अंश राहतो. एखाद्या घरी तेवढेच साधन असेल तर वापरण्यापूर्वी घासून उकळत्या पाण्याने धुवावे. गाळणी धुतल्यावर उजेडाकडे धरून पाहावी; एकही छिद्र बुजलेले दिसता कामा नये.

किनारपट्टीच्या गावांत विळीचा विचार करावा लागतो. ज्या विळीवर मासळी कापली तिच्यावरच बाळासाठी केळे वा पपई चिरणे धोक्याचे आहे. कच्च्या मासळी-मटणातील जंतू शिजवताना मरतात, फळ तर कच्चेच खाल्ले जाते. फळासाठी लहान सुरी निराळी ठेवावी.

धुण्याची रीत

भांडे दिसावयास स्वच्छ असणे आणि ते जंतुरहित असणे यांत अंतर आहे. दुधाचा व पिठाचा पातळ थर नजरेस पडत नाही, परंतु जंतूंना तो पुरेसा खाद्यसाठा असतो. उबदार हवेत अनुकूल स्थिती मिळाल्यास काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे सकाळची न धुतलेली वाटी दुपारपर्यंत काय होते याचा हिशेब कोणालाही करता येईल.

भांडे रिकामे होताच प्रथम गार पाण्याने खळबळून घ्यावे. दुधाच्या भांड्यावर आरंभीच कढत पाणी ओतले तर त्यातील प्रथिने गोठून चिकटतात. नंतर साबण व कोमट पाणी घेऊन आतून, बाहेरून आणि काठाखालून घासावे. बाळाच्या भांड्यांना घासणी निराळी असावी व तीही रोज धुऊन उन्हात वाळवावी, कारण ओलसर स्पंज हे घरातील सर्वांत मलिन वस्तूंपैकी एक असते. अंगणातील माती भांडी घासण्यास वापरू नये. तीत जंतांची अंडी असू शकतात. राखेने तेलकटपणा निघतो हे खरे, पण ती ताज्या चुलीतील असावी आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन टाकावी. तारेच्या घासणीचे तुकडे सुटून अन्नात येतात, म्हणून तीही नको.

धुतल्यानंतर उकळणे हा पुढचा टप्पा. पाणी खात्रीचे नसेल, पावसाळा असेल, गावात जुलाबाची साथ असेल, बाळ अशक्त किंवा नुकतेच आजारातून उठलेले असेल, तर हा टप्पा सोडू नये. भांडी व चमचे पाण्यात पूर्ण बुडतील असे ठेवून, वाटीखाली हवा अडकली नाही ना हे पाहून, खळखळून उकळी आल्यावर पाच ते दहा मिनिटे ठेवावीत. रोजचा भात शिजतो त्या कुकरमध्येही वाटी-चमचा वाफवता येतो, वेगळे इंधन लागत नाही.

एवढे करून भांडे जर कमरेच्या पदराने वा ओट्यावरच्या फडक्याने पुसले तर सारे श्रम वाया जातात. त्या फडक्याने हात, ओटा आणि तवा पुसलेला असतो. भांडी जाळीवर पालथी घालून वाऱ्यावर किंवा उन्हात वाळू द्यावीत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावीत. हातांविषयी निराळे सांगावयास नको असे वाटते, पण सांगावे लागते. बाळाची शी धुतल्यानंतर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि भरवण्यापूर्वी आईचे किंवा आजीचे हात साबणाने धुतले गेले पाहिजेत, बाळाचेही. पिण्याच्या पाण्यात पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे. पातेल्यातून लागेल तेवढेच वाटीत काढून भरवावे. बाळाच्या तोंडून वाटीत परतलेल्या चमच्याबरोबर लाळ जाते आणि उरलेले अन्न लवकर नासते. उष्टे पुन्हा पातेल्यात घालू नये हा आपल्याकडील जुना आचार आहे, आणि बाळाच्या बाबतीत त्याला शास्त्राचा पूर्ण आधार आहे.

बाटली नको

दूध पाजण्याच्या बाटलीचा उल्लेख अखेरीस करण्याचे कारण ती कमी धोक्याची आहे असे नाही. रबरी बोंडी, तिचे बारीक छिद्र, अरुंद गळा आणि फिरकीचे आटे या साऱ्या जागा हाताच्या आवाक्याबाहेरच्या. पूर्वी वापरात असलेल्या तोटीच्या बोंडल्याचेही तेच. अशी वस्तू दिवसातून पाच-सहा वेळा निर्जंतुक करणे भरपूर पाणी व इंधन असलेल्या घरातही अवघड आहे. बाटलीच्या जाहिरातीला आळा घालणारा कायदा केंद्र शासनाने १९९२ साली केला व २००३ साली तो अधिक कडक केला. वरचे दूध किंवा पातळ पेज द्यावयाची झाल्यास वाटी-चमचा वा लहान पेला पुरेसा आहे. चमच्याने पाजण्यास वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. पण आठ-नऊ महिन्यांचे मूल पेल्याला तोंड लावून पिऊ लागते, आणि ती दगदग तेथे संपते.

२०१८ पासून राबविल्या जात असलेल्या लहान बालकांच्या गृहभेट योजनेत आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी येते. सहाव्या महिन्याच्या भेटीत आहाराविषयी बोलणे होते, त्याच वेळी चुलीवरचे पातेले आणि फळीवरचा वाटी-चमचा तिला दाखवावा. दूध तापवण्याचे पातेले पितळेचे असेल तर ते बदलण्यासाठी नवव्या महिन्याच्या भेटीची वाट पाहू नये.